गोधडीचं अस्तर

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज गोधडीच्या अस्तराचा इतिहास. निमित्त आहे माझीच एक चूक.

आई गेली, तिचं एक इरकली लुगडं माझ्याकडे राहिलं. इरकल म्हणजे मूळ इळकल, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं. तिथली लुगडी पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात येत राहिली. आईचं लुगडं तिकडून आलं आणि माझ्याबरोबर बेंगळुरूला परतलं. त्याची गोधडी करायचं ठरलं.

जुन्या गोधडीचं गणित बघा. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. चौघडी घातली की दोन मीटर लांबीचे चार थर. माणूस निजेल एवढी लांबी, वर ऊबही. पोटात फाटकी धोतरं, चिरगुटं. अस्तर विकत आणायची गरजच नव्हती.

हे गणित बिघडलं ते सहावारी आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या रोजच्या वापरात आल्यावर. त्या निसरड्या, घाम न टिपणाऱ्या. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि सुती कापडाची ती दुनिया पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली नाही. त्याआधी तीनच वर्षं, १९७९ मध्ये, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या माल्डन मिल्सने फ्लीस आणलं होतं. पॉलिएस्टरचं, स्वेटरसारखं फासे घालून विणलेलं, वरून पिंजून मऊ केलेलं. हलकं, लवकर वाळणारं. आज आपल्या पानिपतातले, जुन्या लोकरीच्या चिंध्यांपासून ब्लँकेटं करणारे कारखानेसुद्धा पॉलिएस्टरकडे वळले आहेत.

तर, आईचं लुगडं विरलं होतं. सूनबाई म्हणाली, "बाबा, खाली फ्लीस लावू. तेच अस्तर, तीच ऊब. मध्ये कापूस नको." महादेवपुऱ्यात एकीकडे लाँगआर्म मशीन आहे. घरच्या मशीनवर कापड सरकतं. इथे कापड रुळांवर ताणलेलं असतं आणि मशीन फिरतं.

चालवणारी मुलगी म्हणाली, "सर, फ्लीस ढिलं ठेवते. जास्त ताणणारी बाजू आडवी घेते, रुळांमध्ये ओढ बसायला नको." मी फौजी. बिछान्यावर सुरकुती दिसली तर जवानाला दोनदा घालायला लावणारा. म्हटलं, "नाही, ढोलासारखं ताण." तिने ऐकलं.

संध्याकाळी रूळ सैल केले. फ्लीस आक्रसलं, लुगडं ताणत नाही, सगळीकडे चुण्या. दोन दिवस टाके उसवले. एका जागी लुगडं फाटलं. मी गप्प बसून राहिलो.

मग आईच्या चोळीचा खण काढला. तोही बागलकोट जिल्ह्यातलाच, गुळेदगुड्डचा. त्या फाटल्या जागी ठिगळ लावलं. या वेळी मुलीने तिच्या पद्धतीने फ्लीस चढवलं. मी बाहेर बाकावर बसलो.

मंडळी, गोधडीचं पोट आणि पाठ नेहमी त्या त्या काळात घरात असेल त्याचीच होती. फ्लीस लावल्याने गोधडी बाटत नाही. पण प्रत्येक कापडाचा स्वभाव असतो, आणि तो हातात सुई धरणाऱ्याला विचारावा लागतो, हुद्द्याने ठरत नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.