जुन्या ट्रॅक्टरला भरलेली ट्रॉली जोडताय? गिअर कोणता, वजन किती आणि उतारावर काय करायचं

शहाड : कल्याणहून मुरबाडकडे निघालं की पहिली परीक्षा शहाडला रेल्वेवरच्या पुलावर होते. पुढे रिक्षा, मागे ट्रक, आणि मध्येच चढावर भरलेली ट्रॉली घेऊन थांबलेला जुना ट्रॅक्टर. इंजिन बंद पडलं की मागचे हॉर्न सुरू, ड्रायव्हर गडबडतो आणि मग क्लच झटक्यात सुटतो. म्हारळ, वरप, कांबा, रायते, गोवेली या पट्ट्यात भातकापणीनंतर पेंढा आणि दिवाळीनंतर विटा वाहणारे ट्रॅक्टर वाढतात. त्यातले बरेच वीस-पंचवीस वर्षांचे. त्यांना नव्या गाडीसारखं चालवून जमत नाही.

आधी वजन मोजा

ट्रॉली "भरली" म्हणजे किती टन, हे बहुतेकांना सांगता येत नाही. हिशोब सोपा आहे. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. एक ब्रास कोरडी वाळू साधारण साडेचार टन भरते, ओली असेल तर त्याहून जास्त. हजार विटा अडीच ते तीन टन. यात रिकाम्या ट्रॉलीचं वजन धरा, दीड टन तरी. म्हणजे वाळूची एक ब्रासची खेप झाली 6 टनांची आणि ती ओढणारा जुना 35 एचपीचा ट्रॅक्टर स्वतः 2 टनांच्या आसपास. तिप्पट वजन मागे आहे आणि बऱ्याच जुन्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. ट्रॅक्टर 6 टन ओढेल हो, प्रश्न ओढण्याचा नाहीच. थांबवणार कसं, हा आहे.

20 फुटांना 1 फूट असा साधा उतार धरला तरी या 8 टनांच्या जोडीला खाली खेचणारा जोर 400 किलोचा असतो. 10 फुटांना 1 फूट उतार असेल तर 800 किलोचा. वेगाचं गणित आणखी वाईट. ताशी 10 ऐवजी 20 किलोमीटरने चाललात, तर ब्रेक लागल्यापासून थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतं.

गिअर चढाच्या आधी पडला पाहिजे

जुन्या ट्रॅक्टरला एक हाय-लोचा दांडा आणि एक गिअरचा. दोन्ही मिळून सहा किंवा आठ पुढचे गिअर होतात. बहुतेकांच्या गिअरबॉक्समध्ये दात सरकून एकमेकांत बसतात, त्यामुळे चालत्या गाडीत, तेही वजनाखाली, गिअर बदलायला गेलं की खरखर होते आणि दांडा न्यूट्रलमध्येच अडकतो. सपाटीवर एवढ्याने फक्त दात खराब होतात, पण चढावर गाडी मागे येते आणि उतारावर सुसाट सुटते.

म्हणून चढ किंवा उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर, पूर्ण थांबून गिअर टाका. भरलेली ट्रॉली हलवायची ती लो मध्येच. गिअर बरोबर आहे का, ते इंजिन सांगतं. रेस वाढवूनही आवाज दबतोय, काळा धूर येतोय, तर गिअर मोठा आहे, एक खाली घ्या.

उतारासाठी जुन्या ड्रायव्हरांचा ठोकताळा आजही खरा आहे : ज्या गिअरवर हाच उतार चढला असतात, त्याच गिअरवर उतरा. शंका असेल तर त्याच्याही खालचा. हातरेस पूर्ण कमी करा, नाहीतर इंजिन धरून ठेवायच्या ऐवजी ढकलतच राहील. उतारावर क्लच दाबू नका. क्लच दाबला काय आणि न्यूट्रल केलं काय, एकच. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून भेटतात. वाचतं किती, तर चहाच्या पैशांइतकं! माळशेज घाटातून ओतूरकडून खाली येणाऱ्यांनी तर हा विचारही करू नये. तिथे पावसाळ्यात धुकंही असतं.

चढावर बंद पडलाच, तर दोन्ही ब्रेक दाबून ठेवा, लो चा पहिला टाका, हँडब्रेक ओढा आणि सोबतच्या माणसाला ट्रॉलीच्या चाकामागे दगड लावायला सांगा. निघताना तो दगड रस्त्यात सोडू नका, मागून बाइकवाले येतात.

साखळी कुठे बांधता?

इथे चूक झाली तर जीव जातो. ट्रॉली असो, फसलेला ट्रक असो की लाकडाचा ओंडका, ओढायचं ते खालच्या हूकवरूनच. मागच्या ॲक्सलच्या वर, टॉपलिंकच्या जागी साखळी बांधली की ओढ ट्रॅक्टरला मागे उलटवते. पुढची चाकं उचलल्यापासून ट्रॅक्टर अंगावर यायला एक-दीड सेकंद पुरतो. उडी मारायलाही वेळ नसतो. पुढून उचलतोय असं जाणवलं त्याच क्षणी क्लच दाबायचा, रेस नाही द्यायची. चाक चिखलात रुतलं असेल तर आधी रिव्हर्स घेऊन बघा, त्यात उलटण्याचा धोका कमी.

दोन चाकी ट्रॉलीत माल कसा भरता यावरही हेच अवलंबून आहे. सगळा माल पुढे भरला तर हूकवर भार येतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग लागत नाही. सगळा मागे भरला तर हूक वर उचलला जातो आणि मागची चाकं जागच्या जागी फिरतात. ॲक्सलच्या किंचित पुढे वजन ठेवा. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा भाग पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, त्यासाठीच पुढे लोखंडी वजनं लावतात. पेंढ्याचं वेगळं : वजन कमी, पण उंची जास्त, त्यामुळे वळणावर तो कलतो.

हूकच्या पिनीऐवजी सळईचा तुकडा घालू नका. पिनीला क्लिप हवी आणि शेजारी सेफ्टी साखळीही. रस्त्यावर डावा-उजवा ब्रेक पट्टीने जोडून ठेवा. शेतात वळायला सोडलेली पट्टी तशीच राहिली आणि रस्त्यावर जोरात एकच ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याला ढकलत नेते. ओढ्यातून आलात तर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवून घ्या.

ट्रॉलीत माणसं बसवू नका. मागे लाल दिवा नसेल तर निदान रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा, आणि पेंढा खाली लोंबून ती झाकत नाही ना, हे निघताना मागे जाऊन बघा.