जोडी न जमवणारे दोन इलेक्ट्रॉन



बारावी झाल्यावर सेंद्रिय रसायनशास्त्राला मी कायमचा रामराम ठोकला होता. पण ज्या वस्तूला दोन अवस्था असतात आणि कुठली अवस्था हवी ते आपल्याला ठरवता येतं, तिच्याकडे इंजिनिअर माणसाला काणाडोळा करता येत नाही. डायरॅडिकल नावाचे रेणू नेमके असे आहेत. त्यांचा इतिहास वाचत गेलो तर तो चक्क पवईला येऊन पोचला. म्हणजे आमच्या आसनगावहून ठाण्याला गाडी बदलायची, कांजूरमार्गला उतरायचं आणि रिक्षा करायची, बस्स!

तर भानगड अशी. रेणूत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहतात, एकाचा स्पिन वर, दुसऱ्याचा खाली. एखादा एकटा उरला की त्या रेणूला म्हणायचं रॅडिकल. हा प्रकार भलताच उतावळा, दिसेल त्याच्याशी जोडी जमवून मोकळा होतो. 1900 साली मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग सहा फिनाइल गट लटकवलेलं इथेन बनवायला गेले आणि हाती आला तीनच हात असलेला कार्बन. पोरवयात रशियन साम्राज्यातून घरच्यांबरोबर पळून आलेला हा माणूस. कार्बनला चारच हात असतात हे तेव्हा जवळपास धर्मवचन होतं, पण गोम्बर्ग ठाम राहिले. वर पेपरच्या शेवटी हेही लिहून टाकलं की हा प्रांत मला माझ्यासाठी राखून ठेवायचा आहे. अर्थात कोणी ऐकलं नाही.

1904 मध्ये थीले आणि 1907 मध्ये चिचिबाबिन यांनी एकाच रेणूत अशा दोन जागा तयार केल्या. थीलेच्या रेणूत मध्ये बेंझिनचं एक कडं, चिचिबाबिनच्या रेणूत दोन. दोन एकटे इलेक्ट्रॉन, पण मधल्या कड्यांतले बंध थोडे सरकवले की कागदावर त्यांची जोडी जमवता येते. मग खरं काय, जमलेली की न जमलेली? 1915 साली श्लेंक आणि ब्राउन्स यांनी तोच खेळ कड्याच्या समोरासमोरच्या जागांऐवजी एक जागा सोडून, म्हणजे 'मेटा' जागांवर केला. आता कितीही रेघा मारा, जोडी कागदावरसुद्धा जमत नाही. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच दिशेला तोंड करून बसतात. याला म्हणतात ट्रिपलेट. उलट तोंडं असतील तर सिंगलेट.

एकाच दिशेला का, ते आसनगावहून सुटणाऱ्या लोकलमध्ये समजतं. गाडी रिकामी असते तेव्हा ओळखीची माणसंसुद्धा आधी एकेक खिडकी धरतात, शेजारी नंतर. सारख्याच ऊर्जेच्या दोन जागा असतील तर इलेक्ट्रॉनही वेगवेगळे बसतात आणि त्यांचे स्पिन एकाच दिशेचे राहतात. हुंडचा नियम तो हाच. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन असाच ट्रिपलेट आहे. म्हणून तर द्रवरूप ऑक्सिजन लोहचुंबकाकडे ओढला जातो, जेम्स ड्यूअर यांनी 1891 मध्येच हे दाखवलं होतं.

आता मला सगळ्यात चटका लावून गेलेली गोष्ट. मिनेसोटाच्या कोल्श यांनी एक रॅडिकल बनवलं, जे हवेतल्या ऑक्सिजनला दादच देईना. 1932 मध्ये पेपर पाठवला, तो परत आला. कारण काय, तर रॅडिकल असेल तर ऑक्सिजनशी भिडायलाच हवं! म्हणजे स्थिर आहे हाच त्याचा गुन्हा. पुढे एकट्या इलेक्ट्रॉनची थेट चाहूल घेणारं ईएसआर तंत्र आलं आणि कोल्श खरे ठरले. पेपर छापून आला 1957 मध्ये. पंचवीस वर्षं! (आपण कोड रिव्ह्यूला तीन दिवस लागले तरी कुरकुरतो.) याच ईएसआरवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काम करून आलेल्या बी. वेंकटरामन यांनी मुंबईत टीआयएफआरमध्ये हे तंत्र रुजवलं.

पवईच्या आयआयटीत मात्र काम झालं ते कॉम्प्युटरवर. तिथले शंभूनाथ दत्ता आणि अमेरिकेतले कार्ल ट्रिंडल यांनी स्पिन आलटूनपालटून मोजायचा एक नियम मांडला होता. एका एकट्या इलेक्ट्रॉनपासून सुरू करा, दर अणूगणिक वर, खाली, वर, खाली असं म्हणत दुसऱ्यापर्यंत जा. दोन्ही टोकांना 'वर' आलं तर ट्रिपलेट, एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली आलं तर सिंगलेट. अहो, हा तर आपला पॅरिटी बिट! श्लेंकचा मेटा रेणू घेऊन बोटांवर मोजून बघा, उत्तर बरोबर येतं.

पण नियमाने फक्त दिशा कळते, फरक किती ते कळत नाही. तो काढणं महाकठीण. रेणूच्या एकूण ऊर्जेपुढे दोन अवस्थांमधला फरक इतका चिमुकला, की भरलेली एसटी वजनकाट्यावर चढवून कंडक्टरच्या खिशातली नाणी तोलायची. शिवाय असं सिंगलेट एका मांडणीत मावत नाही, दोन मांडण्या एकदम धराव्या लागतात. त्यावर नूडलमन यांनी 1981 मध्ये एक जुगाड काढला. मुद्दाम अर्धवट चुकीची अवस्था मोजायची आणि नंतर हिशेबात दुरुस्ती करायची. 2006 साली एहसान अली आणि दत्ता यांनी याच पद्धतीने दोन नायट्रोनिल नायट्रॉक्साइड गट वेगवेगळ्या 'पुलांनी' जोडून बघितले. पूल लांबला की दोघांमधलं चुंबकीय नातं क्षीण होतं, आणि पुलात बेंझिनसारखी स्वतःतच रमलेली कडी असली तरीही. म्हणजे पूल बदला, नातं बदलतं. मला तरी इथेच या विषयाचं इंजिनिअरिंग झालं असं वाटतं.

थीले-चिचिबाबिनचं भांडण मात्र 1986 पर्यंत चाललं. तेव्हा क्ष-किरणांनी दोघांच्या स्फटिकांतले बंध मोजले गेले. थीलेच्या रेणूत जोडी जमलेली निघाली, चिचिबाबिनचा थोडा अधेमधे. 2012 मध्ये सिंगापूरच्या जिशान वू यांच्या गटाने त्याच चिचिबाबिनच्या सांगाड्यावर आणखी बेंझिनची कडी चढवली आणि जमलेली जोडी की सुटे इलेक्ट्रॉन हे बदलता येतं असं दाखवलं, तेही स्थिर रेणूंमध्ये. आपल्याकडे टीआयएफआरच्या हैदराबाद केंद्रात अनुकूल जाना यांचा गट या दोन जुन्या सांगाड्यांच्या टोकांना कार्बीनचे तुकडे जोडून हाच खेळ खेळतो आहे.

आणि कोल्शचं ते परत आलेलं रॅडिकल? एनएमआरचे क्षीण सिग्नल वाढवायला ते आज मुद्दाम नमुन्यात मिसळतात.