देवाचे मौन आणि जगाचा अंत

प्रलयाची कल्पना आपल्याला अपरिचित नाही. परंतु युगचक्राच्या कल्पनेत प्रलयानंतर पुन्हा सृष्टी असते. ख्रिस्ती परंपरेतील अंत एकदाच यावयाचा असतो आणि त्यासोबत अंतिम न्यायही. अंताचे भय व न्यायाची आशा ही तेथे एकाच श्रद्धेची दोन अंगे ठरतात. १९४५ नंतर या दोहोंची फारकत झाली. जगाचा अंत शक्य झाला. पण तो घडविणारा देव नव्हे, माणूस. न्यायाविना येणाऱ्या अंतापुढे श्रद्धेचे काय होते, हा प्रश्न स्वीडनमध्ये निर्माण झालेल्या तीन चित्रपटांतून टप्प्याटप्प्याने उलगडत जातो.

इंगमार बर्गमन यांचा ‘द सेव्हन्थ सील’ (१९५७) अस्तित्ववादाच्या कप्प्यात टाकून मोकळे होण्याची सवय समीक्षेला आहे. त्याची मुळे मात्र अधिक जुनी आहेत. बर्गमन हे लूथरपंथी धर्मोपदेशकाचे पुत्र. गावोगावच्या चर्चमधील मध्ययुगीन भित्तिचित्रे त्यांनी बालपणी पाहिली होती. टेबी येथील चर्चमध्ये बुद्धिबळ खेळणारा मृत्यू चितारलेला आहे. मालमो येथील नाट्यविद्यार्थ्यांसाठी त्यांनी लिहिलेल्या एकांकिकेतून हा चित्रपट घडला. शीर्षक बायबलमधील ‘प्रकटीकरणा’तून आले आहे: सातवा शिक्का फुटतो तेव्हा स्वर्गात शांतता पसरते. या शांततेलाच बर्गमन देवाचे मौन मानतात. प्लेगच्या सावटाखाली सरदार आंतोनियस ब्लॉक श्रद्धा नव्हे, ज्ञान मागतो. उत्तर मिळत नाही. तरीही विचारण्याची जागा शिल्लक आहे. प्लेगमध्ये अणुयुगाची छाया अनेकांनी पाहिली असली, तरी अंत येथे अद्याप ईश्वरी आज्ञेच्या रूपात वावरतो.

‘विंटर लाइट’मध्ये (१९६३) रूपकाचा हा पडदा गळून पडतो. स्वीडनने स्वतःचे अण्वस्त्र बनवावे काय, हा वाद तेथे १९५० च्या दशकात गाजला होता. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर त्या देशाने सही केली ती १९६८ साली. चित्रपटातील कोळी योनास याला चीन अणुबाँब बनवील या भीतीने ग्रासले आहे. (चीनची पहिली चाचणी १९६४ ची, म्हणजे चित्रपटानंतरची.) तो पाद्री टोमास याच्याकडे येतो आणि पाद्री त्याला आधार देण्याऐवजी स्वतःचीच अश्रद्धा त्याच्यापुढे ओततो. योनास आत्महत्या करतो. ब्लॉक विचारणारा होता. टोमासला विचारले जाते. नाट्यस्थानातील हा बदल निर्णायक आहे. देवाच्या मौनाचे उत्तरदायित्व आता माणसाच्या बोलण्यावर येऊन पडते. शेवटी जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये टोमास उपासना सुरू करतो. ती श्रद्धा की केवळ रिवाज, याचा निवाडा बर्गमन करीत नाहीत.

आंद्रेई तार्कोव्स्की यांचा ‘द सॅक्रिफाइस’ (१९८६) गॉटलंड बेटावर चित्रित झाला. छायालेखक स्वेन निक्विस्ट आणि नट एर्लांड योसेफसन हे दोघेही बर्गमन यांचे जुने सहकारी. दृष्टी मात्र रशियन ऑर्थोडॉक्स परंपरेची. अणुयुद्धाची वार्ता येताच अलेक्झांडर देवापाशी नवस बोलतो: जग पूर्ववत झाल्यास घर, कुटुंब व वाणी यांचा त्याग करीन. सकाळी सारे पूर्ववत असते. तो घर पेटवून देतो व रुग्णवाहिकेतून नेला जातो. युद्ध खरेच टळले की ते स्वप्नच होते? त्याग सिद्ध करणारा पुरावाच त्यागाने पुसून टाकला आहे. ब्लॉकला हवे असलेले ज्ञान येथे कोणालाही मिळत नाही. तरीही नवस फेडला जातो. चेर्नोबिलची दुर्घटना एप्रिल १९८६ मधली. पुढच्याच महिन्यात हा चित्रपट कान येथे दाखविला गेला आणि वर्षअखेरीस तार्कोव्स्की निवर्तले.

प्रश्न, निरुत्तरता आणि वचन असा हा क्रम आहे. त्याला श्रद्धेच्या पुनरागमनाची सरळ कथा मानणे चुकीचे ठरेल, कारण अलेक्झांडरच्या कृतीची किंमत त्याच्या कुटुंबालाही मोजावी लागते आणि त्यांची संमती कोणी विचारलेली नसते. तार्कोव्स्कींच्या भव्य समारोपाने दिपून जाताना हे विसरले जाते. या कसोटीवर ‘विंटर लाइट’ मला अधिक प्रामाणिक वाटतो: जगाच्या अंताचे भय घेऊन समोर बसलेल्या एका माणसाला आपण काय सांगणार, एवढेच तो विचारतो, आणि तिथे श्रद्धावान व अश्रद्ध दोघेही सारखेच उत्तरदायी ठरतात.