केपचे फ्रेंच आणि कोचीनचे कोंकणी

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, असे पंडित सांगतात. वर्गातील आमचा अनुभव मात्र निराळा आहे. ‘असे झाले नसते तर काय झाले असते?’ असे एखाद्या मुलाने विचारले म्हणजे धडा खरा सुरू होतो.

सन १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने नांतचे फर्मान रद्द केले. या १५९८ च्या फर्मानाने ह्यूगनॉट नामक प्रॉटेस्टंट पंथीयांस मर्यादित धर्मस्वातंत्र्य मिळाले होते. ते जाताच लाखाहून अधिक माणसे देशोधडीस लागली. त्यांपैकी सुमारे दोनशे जणांस डच ईस्ट इंडिया कंपनीने १६८८-८९ च्या सुमारास आफ्रिकेच्या दक्षिण टोकास, केपच्या वसाहतीत, नेऊन वसविले. कंपनीस शेतकरी हवे होते, आणि यांतील काहींस द्राक्षांची लागवड व मद्य करण्याची विद्या अवगत होती. ड्राकेन्स्टाइनच्या खोऱ्यात त्यांस जमिनी मिळाल्या, पण डच शेतकऱ्यांच्या मधून मधून, विखुरलेल्या. (या जमिनी मूळच्या खोईखोई गुराख्यांच्या, आणि केपच्या गुलामांत मलबारातून नेलेली माणसेही होती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे.)

आपणांस स्वतंत्र चर्च असावे, अशी मागणी पाद्री प्येर सिमाँ व त्यांचे सोबती यांनी १६८९ मध्ये केली, तेव्हा गव्हर्नर सिमॉन व्हान डेर स्टेल संतापला. चर्चची परवानगी पुढे १६९१ मध्ये हॉलंडातील संचालकांकडून आली. भाषेबाबत मात्र कंपनीने हात आखडला. मुलांस डच शिकवावी, असा हुकूम १७०१ मध्ये निघाला. पॉल रू नावाचे एक शिक्षक चर्चमध्ये फ्रेंच वाचन करीत. ते १७२३ मध्ये वारले आणि ते वाचनही संपले. पुढे १७५२ च्या सुमारास ज्योतिर्विद ला काय तेथे गेले, तेव्हा फ्रेंच बोलणारे काही वृद्ध तेवढे उरले होते. आम्ही स्वतः शिक्षक असल्यामुळे असेल, पण या सगळ्या हकिगतीत आमचे मन या पॉल रूंपाशीच घोटाळते.

आता आपल्या घरची गोष्ट पाहू. साष्टीतील देवळे पाडली गेली, श्रीमंगेश प्रियोळास व श्रीशांतादुर्गा कवळ्यास गेली, आणि आपल्यांतील कित्येक घराणी दक्षिणेस कोचीनपर्यंत उतरली, हे वाचकांस विदितच आहे. गोव्यात मागे राहिलेल्यांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज धरावी, असा हुकूम व्हाइसरॉयने १६८४ मध्ये काढला होता. कोचीन १६६३ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतले ते याच डच कंपनीने. तिच्या अमदानीत रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या तिघा कोंकणी वैद्यांनी मलबारच्या वनस्पतींच्या ग्रंथास साह्य केले. त्यांचे १६७५ चे प्रमाणपत्र नागरी लिपीत व कोंकणी भाषेत आहे, आणि ते ॲम्स्टरडॅम येथे १६७८ मध्ये त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापले गेले. म्हणजे एकाच कंपनीने एका निर्वासितांची भाषा छापली आणि दुसऱ्यांची शाळेतून काढली!

यात औदार्य वा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. कोचीनमध्ये कंपनीस व्यापारी व जाणकार हवे होते, केपमध्ये आज्ञाधारक रयत हवी होती.

मग फ्रेंचांस एकच सलग खोरे व आपली शाळा मिळती तर? कॅनडातील क्वेबेक १७६३ च्या तहाने इंग्रजांकडे गेले, पण तेथे फ्रेंच आजही टिकून आहे. परंतु तेथे साठ हजारांवर माणसे व गावोगाव आपली चर्चे होती, केपमध्ये दोनशेच. शिवाय डचांचा व त्यांचा पंथ जवळजवळ एकच असल्यामुळे सोयरिकी सहज जमल्या. आमच्या मते शाळा मिळती तर फ्रेंच आणखी दोन पिढ्या, फार तर १८०६ मध्ये इंग्रज येईपर्यंत, तगती. त्यापुढे कठीण होते.

कोचीनमध्ये देऊळ होते, त्याभोवती वस्ती होती, आणि बाहेर लग्न न करण्याचा दंडकही होता. त्या दंडकानेच भाषा राखली, हे खरे. पण त्याच भिंतीने कोणास बाहेर ठेवले, हेही ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहावयास संकोच नसावा. परदेशी गेलेल्या आपल्या घरांत आज ना ते देऊळ आहे, ना ती वस्ती, आणि तो दंडकही सैल झाला आहे. तेथील किती नातवंडे आजीशी कोंकणीत बोलतात, हे प्रत्येकाने आपल्या घरी मोजून पाहावे.

केपमधील त्या घराण्यांची आडनावे आजही टिकून आहेत. ‘द्यू त्वा’चे ‘डू टॉय’ झाले आहे, ‘जूबेर’चे ‘यूबेर’. त्यांच्या खोऱ्याचे नाव फ्रान्सहुक, म्हणजे ‘फ्रेंचांचा कोपरा’. ते नावही डच भाषेतले.