सारंगखेड्यात घोडा ठरला ६ लाखांना, पण एवढे पैसे पाठवायचे कसे?

नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीच्या काठावर सारंगखेडा नावाचं गाव आहे. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत भरतो घोड्यांचा मोठा बाजार. चांगल्या जातीचा, देखणा घोडा असेल तर किंमत सहज लाखांत जाते. पूर्वी असा सौदा म्हणजे कमरेला बांधलेली नोटांची पिशवी आणि रात्रभर तिच्यावर ठेवलेला हात. आता घेणारा आणि विकणारा, दोघांच्या खिशात फोन असतो.

२०२४ मध्ये दत्तजयंती १४ डिसेंबरला आली होती. तो दिवस होता दुसरा शनिवार, म्हणजे बँका बंद. तरी त्या दिवशी कुणाला घोड्याचे ६ लाख रुपये द्यायचे असते तर ते अर्ध्या तासात समोरच्याच्या खात्यात पडू शकले असते. कारण बरोबर ४ वर्षांपूर्वी, १४ डिसेंबर २०२० रोजी, रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस ही सेवा वर्षाचे ३६५ दिवस, २४ तास सुरू केली होती.

पण मोठी रक्कम पाठवायची म्हटली की आजही अनेकांच्या पोटात गोळा येतो. ५०० रुपये चुकले तर हळहळ वाटते, ६ लाख चुकले तर घर बसतं. म्हणून हे सगळं नीट समजून घेऊ.

यूपीआयने का जात नाहीत?

आधी हेच करून बघितलं जातं. क्यूआर स्कॅन केला, ६ लाख टाकले आणि फोनने नकार दिला. यूपीआयवर एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला साधारणपणे दिवसाला १ लाखापर्यंतच पाठवता येतात. दवाखान्याचं बिल, शाळा-कॉलेजची फी अशा काही ठरावीक कामांसाठी ही मर्यादा जास्त आहे, पण घोडा त्यात बसत नाही. फोन नवीन घेतला असेल तर पहिले २४ तास मर्यादा आणखी कमी असते.

मग सहा दिवस रोज एक-एक लाख पाठवणारेही भेटतात. पैसे पोचतात, पण विकणारा सहा दिवस घोडा सोडत नाही.

दुसरा मार्ग आयएमपीएस. पैसे लगेच जातात, रात्री-बेरात्रीही जातात. याची वरची मर्यादा ५ लाख आहे. तुमच्या बँकेने त्याहून कमी ठेवली असेल तर तीच लागू होते. ६ लाखांच्या सौद्याला हाही कमी पडतो.

एनईएफटी म्हणजे एसटी, आरटीजीएस म्हणजे स्पेशल गाडी

उरतात हे दोन. नावं सारखी वाटतात, काम वेगळं आहे.

एनईएफटी ही ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या एसटीसारखी. दर अर्ध्या तासाने एक गाडी सुटते, दिवसात ४८. तोवर जितके व्यवहार जमा झाले तितके एकत्र निघतात. गाडी पोचल्यावर समोरच्या बँकेने २ तासांच्या आत पैसे खात्यात जमा करायचे असतात. रिझर्व्ह बँकेने इथे कमीत कमी किंवा जास्तीत जास्त रकमेची अट ठेवलेली नाही. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवाही २४ तास चालते. सेव्हिंग खात्यातून मोबाईल किंवा नेटबँकिंगने एनईएफटी केली तर १ जानेवारी २०२० पासून बँकेला शुल्क घेता येत नाही.

आरटीजीएसमध्ये गाडीची वाट बघणं नाही. प्रत्येक व्यवहार सुटा जातो आणि रिझर्व्ह बँकेच्या वहीत त्याच वेळी कायमचा नोंदवला जातो. समोरच्या बँकेने ३० मिनिटांत रक्कम खात्यात टाकायची असते. अट एकच: किमान २ लाख रुपये हवेत. वरची मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातलेली नाही. शाखेत जाऊन केलं तर २ ते ५ लाखांसाठी जास्तीत जास्त २४ रुपये ५० पैसे आणि ५ लाखांच्या वर जास्तीत जास्त ४९ रुपये ५० पैसे शुल्क, वर जीएसटी. पैसे घेणाऱ्याला काही द्यावं लागत नाही. पाच-सहा लाखांच्या सुरक्षित प्रवासाला पन्नास-साठ रुपये म्हणजे काहीच नाही, खरं तर.

अंतराचा किंवा राज्याचा फरक पडत नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, हे तुम्ही वाचलं असेलच. आरटीजीएसला ती सीमारेषा दिसत नाही. नवापूरहून सुरतला जायला जेवढा वेळ, तेवढाच गडचिरोलीला.

आता मेख इथे आहे. सेवा २४ तास असली तरी शाखा २४ तास उघडी नसते. सुट्टीच्या दिवशी पाठवायचं तर मोबाईल किंवा नेटबँकिंग हवं, आणि तिथे प्रत्येक बँकेची स्वतःची दिवसाची मर्यादा असते. शिवाय नवीन खातं जोडलं की बहुतेक बँका सुरुवातीचा काही काळ, कधी काही तास तर कधी काही दिवस, मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. तुमचा पासवर्ड कुणी चोरलाच तर तुम्हाला सावध व्हायला वेळ मिळावा म्हणून हे केलेलं असतं. त्यामुळे सौदा होण्याची शक्यता दिसली की समोरच्याचं खातं आदल्या दिवशीच जोडून ठेवा आणि आपली मर्यादा बघून ती वाढवून घ्या.

धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या अनेक पाड्यांवर तर रेंजचाच प्रश्न असतो. ओटीपी येतच नाही. अशा वेळी कामकाजाच्या दिवशी शाखेत जाऊन आरटीजीएसचा फॉर्म आणि चेक देणं हाच खात्रीचा रस्ता. शाखेत हे काम किती वाजेपर्यंत घेतात ते आधी विचारून जा. डोंगर उतरून आल्यावर 'आता उद्या या' ऐकायची वेळ येऊ नये.

पैसे नावावर जात नाहीत, नंबरवर जातात

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. फॉर्मवर तुम्ही नाव लिहिता, खाते क्रमांक लिहिता, आयएफएससी कोड लिहिता. आपल्याला वाटतं बँक नाव आणि नंबर जुळवून बघत असेल. आपल्याकडच्या व्यवस्थेत रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावरून. नाव एक लिहिलं आणि नंबर दुसऱ्याचा पडला, तर पैसे त्या दुसऱ्याकडे जातात. बरोबर नंबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची.

हा धोका कमी करायला रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी बँकांना सांगितलं की, आरटीजीएस आणि एनईएफटीआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय करा, आणि १ एप्रिल २०२५ ही मुदत दिली. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की ज्याचं खातं आहे त्याचं बँकेत नोंदलेलं नाव समोर येतं. शाखेत गेलात तरी ही माहिती मागता येते आणि त्याचे पैसे लागत नाहीत. नाव दिसेपर्यंत पुढचं बटण दाबू नका. नाव दिसलंच नाही, तर आधी १ रुपया पाठवा आणि समोरच्याला त्याच्या पासबुकात किंवा अ‍ॅपमध्ये बघायला सांगा. एक रुपया जाऊ दे की वाया.

आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजीतला 'ओ' लिहिण्याची चूक फार जण करतात. बँकांचं विलीनीकरण झालेलं असेल तर जुन्या चेकबुकावरचा कोड बाद झालेला असू शकतो, तोही तपासा. पतसंस्थेतलं खातं असेल तर पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, म्हणून पैसे तिथे नेमके कोणत्या बँकेमार्फत पोचतात ते कार्यालयात विचारून मगच पाठवा.

विकणाऱ्याने काय बघायचं?

सगळे सल्ले पैसे पाठवणाऱ्याला दिले जातात. विकणाऱ्याचा धोका वेगळा आहे. त्याने फोनवरचा 'पेमेंट सक्सेसफुल' असा स्क्रीनशॉट बघून घोड्याचा दोर हातात दिला आणि पैसे आलेच नाहीत, तर घोडा दुसऱ्या राज्यात पोचलेला असतो. स्क्रीनशॉट बनवता येतो, मेसेजही खोटा पाठवता येतो. स्वतःच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली किंवा बँकेने सांगितलं, तरच पैसे आले असं समजायचं. खरेदीदाराकडून यूटीआर क्रमांक लिहून घ्या. प्रत्येक व्यवहाराचा हा वेगळा नंबर असतो, आरटीजीएसमध्ये २२ अक्षरी, आणि पैसे कुठे अडकले हे बँक त्याच्यावरूनच शोधते.

दुसरं म्हणजे पैसे कुणाच्या खात्यातून आले ते बघा. सौदा एकाशी आणि पैसे तिसऱ्याच अनोळखी खात्यातून, असं असेल तर थांबा. फसवणुकीचा पैसा असा फिरवला जातो. मूळ माणसाने तक्रार केली की पोलीस त्या पैशाचा माग काढतात आणि ज्या ज्या खात्यात तो गेला तिथली रक्कम गोठवली जाऊ शकते. तुम्ही प्रामाणिकपणे घोडा विकलेला असला तरी तो प्रामाणिकपणा सिद्ध करत चकरा तुम्हालाच माराव्या लागतात. म्हणून साध्या कागदावर का होईना, सौद्याची पावती हवी.

'रोखच द्या, भानगड नको' म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

सांगायचं की भानगड रोखीतच आहे. १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यानुसार एका व्यवहारासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. तुकडे पाडून घेतली तरी व्यवहार एकच मोजला जातो. आणि दंड घेणाऱ्याला होतो, जितकी रक्कम घेतली तितका. ६ लाख घेतले तर दंडही ६ लाख.

उलट, खात्यातून खात्यात मोठी रक्कम पाठवली म्हणून कर लागतो ही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी समजूत चुकीची आहे. कर उत्पन्नावर असतो, पैसे हलवण्यावर नसतो. वडिलांनी मुलीला घरासाठी १५ लाख पाठवले तर जवळच्या नात्यातली भेट म्हणून त्यावर कर नाही. नंदुरबार बाजार समितीत आपल्या शेतातली ओली लाल मिरची विकून आलेला पैसा हे शेती उत्पन्न, तेही करमुक्त. फक्त बाजार समितीतली हिशोबपट्टी जपून ठेवा, म्हणजे उद्या विचारणा झाली तर दाखवता येईल. घोड्यांचा व्यापार करणाऱ्याचा नफा मात्र करात मोजला जातो.

जमिनीच्या व्यवहारात या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मोठी आहे. आदिवासी व्यक्तीची जमीन बिगरआदिवासीने विकत घ्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि त्याआधी राज्य सरकारची मान्यता लागते. 'इसार पाठवून ठेवा, परवानगी नंतर बघू' असं एजंट सांगत असेल तर पाठवू नका. आरटीजीएसची पावती म्हणजे जमिनीचा हक्क नव्हे.

चुकलंच तर?

नंबर चुकला आणि तसं खातंच अस्तित्वात नसेल तर चिंता कमी. आरटीजीएसमध्ये जमा न होऊ शकलेली रक्कम समोरच्या बँकेने साधारण तासाभरात परत पाठवायची असते. उशीर केला तर ग्राहकाला रेपो दर अधिक २ टक्के या दराने भरपाई द्यावी लागते.

नंबर दुसऱ्या खऱ्या माणसाचा निघाला तर प्रकरण लांबतं. ताबडतोब आपल्या शाखेत लेखी अर्ज द्या, त्यात यूटीआर लिहा आणि अर्जाची पोच घ्या. तुमची बँक समोरच्या बँकेला कळवते, पण त्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक परस्पर पैसे काढून देत नाही. तो नाही म्हणाला तर पोलीस आणि कोर्ट. दुसऱ्याचे पैसे आहेत हे कळूनही ते वापरणं हा गुन्हा आहे, हे त्यालाही सांगा. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते.

फसवणूक झाली असेल तर शाखेची वाट बघू नका, आधी १९३० वर फोन करा. पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी थांबवण्यासाठीच ही हेल्पलाइन आहे.

आणि अनोळखी माणूस म्हणाला की 'माझे चुकून तुमच्या खात्यात आले, या नंबरवर परत टाका', तर स्वतः टाकू नका. बँकेत जा आणि आलेल्या मार्गानेच परत पाठवायला सांगा.

रक्कम सुखरूप आली की ती कुठे पडून आहे तेही बघा. बँक बुडाली किंवा तिच्यावर निर्बंध आले तर एका बँकेत एका खातेदाराचे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० आधी हाच आकडा १ लाख होता. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १ हजार रुपये काढता येत होते. घोड्याचे ६ लाख एकाच छोट्या बँकेत महिनोन् महिने ठेवायचे नसतील, तर वरचे पैसे दुसऱ्या बँकेतल्या आपल्याच खात्यात वळवा. ती रक्कम २ लाखांपेक्षा कमी असेल तर एनईएफटी पुरेशी आहे.