मुंबईतील हॉकी : नोकरीचा आश्रय आणि संघाची मालकी

मुंबईतील हॉकीचा आर्थिक इतिहास पाहता उद्योगसंस्थांनी या खेळाला दिलेल्या साहाय्याचे दोन भिन्न प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात संस्था ही खेळाडूची अन्नदाती होती. दुसऱ्यात ती संघाची मालक झाली. दोहोंस सामान्यतः ‘आश्रय’ असे एकच नाव दिले जाते. तथापि खेळाडूच्या चरितार्थाची जबाबदारी कोणावर, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही व्यवस्थांत वेगवेगळे येते.

आगाखान चषकाची स्पर्धा 1896 मध्ये सुरू झाली. पुढे मुंबईच्या साखळी सामन्यांत टाटा, महिंद्र, राष्ट्रीय केमिकल्स, रेल्वे, विमान कंपन्या आणि बँका यांचे संघ प्रमुख ठरले. त्यांची अर्थव्यवस्था साधी होती. खेळाडू संस्थेच्या हजेरीपटावर असे, त्यास मासिक वेतन मिळे व सामन्यांसाठी रजा मिळे. संघाचा खर्च संस्थेच्या एकूण खर्चात सामावून जाई. तिकीटविक्रीतून तो भरून यावा, अशी अपेक्षा नव्हती. खडकीचे धनराज पिल्ले याच वाटेने पुढे आले. त्यांचे बंधू रमेश हे राष्ट्रीय केमिकल्सकडून खेळत असत. त्यांच्या पाठोपाठ धनराज मुंबईस आले, महिंद्रच्या संघात दाखल झाले व नंतर इंडियन एअरलाइन्सकडे गेले. सामान्य कुटुंबातील मुलास हॉकीमुळे कायम वेतन मिळू शकते, ही खात्री त्या काळी फार मोलाची होती.

या व्यवस्थेतही उणिवा होत्या. प्रेक्षकांवाचून संघ चालत असल्याने प्रेक्षक मिळविण्याचा प्रयत्न क्वचितच होई. शिवाय संघाचे भवितव्य संस्थेच्या भवितव्याशी जखडलेले असे. इंडियन एअरलाइन्स 2007 मध्ये एअर इंडियात विलीन झाली आणि 2022 मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे परत गेली. अशा स्थित्यंतरांत खेळाडूंच्या भरतीचा विचार मागे पडणे स्वाभाविक होते.

दुसऱ्या प्रकाराची नांदी 2005 मध्ये प्रीमियर हॉकी लीगने झाली. तीत ‘मराठा वॉरियर्स’ हा संघ होता व पिल्ले त्यातून खेळले. परंतु पहिल्या वर्षीचे सामने हैदराबाद येथे झाले. नाव महाराष्ट्राचे असूनही घरचे मैदान व घरचा प्रेक्षक त्या संघास लाभला नाही. 2008 नंतर ती स्पर्धा बंद पडली. 2012 मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी भरली. तीत ‘मुंबई मरीन्स’ व ‘पुणे स्ट्रायकर्स’ हे महाराष्ट्राचे दोन संघ उतरले आणि पुण्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्यानंतर मात्र मानधन थकल्याच्या तक्रारी खेळाडूंनी केल्या आणि दुसरा हंगाम झालाच नाही.

2013 मध्ये हॉकी इंडिया लीगचा पहिला हंगाम झाला. मुंबईच्या ‘मॅजिशियन्स’ संघाची मालकी डाबरकडे होती. खेळाडूंच्या लिलावासाठी प्रत्येक संघास 6,50,000 डॉलर, म्हणजे तत्कालीन दराने सुमारे साडेतीन कोटी रुपये, इतकी मर्यादा होती. त्याखेरीज प्रशिक्षक, प्रवास, निवास व व्यवस्थापन यांचा खर्च वेगळा असे. तो भरून काढण्यास प्रक्षेपण, पुरस्कर्ते व तिकिटे हेच मार्ग असतात. आणि जेमतेम काही आठवड्यांच्या स्पर्धेत ते पुरेसे ठरणे कठीण असते. मुंबईचा संघ 2013 मध्ये तळाशी राहिला. 2015 मध्ये त्याच्या जागी ‘दबंग मुंबई’ हा नवा संघ नव्या मालकासह आला. 2017 च्या हंगामानंतर लीगच थांबली. 2024च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता.

येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. पहिल्या लिलावात सर्वाधिक, म्हणजे 78,000 डॉलर, बोली मिळालेले सरदार सिंग आणि मुंबईचे कर्णधार संदीप सिंग हे दोघेही हरियाणा पोलिसांच्या सेवेत होते. मालकाने हंगाम विकत घेतला; परंतु वर्षाच्या उरलेल्या महिन्यांचा भार जुन्या पद्धतीच्या नोकरीनेच उचलला. म्हणजे नवी व्यवस्था जुन्या व्यवस्थेच्या खांद्यावर उभी होती, आणि त्याची किंमत तिच्या जमाखर्चात कोठेही धरलेली नव्हती.

महानगरापासून दूरच्या जिल्ह्यांना या भेदाचा अर्थ अधिक तीव्रतेने जाणवतो. हॉकीबाहेरचे उदाहरण घ्यावयाचे तर बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा येथे जन्मलेले अविनाश साबळे प्रथम भूसेनेच्या महार रेजिमेंटमध्ये सैनिक म्हणून दाखल झाले व धावण्याच्या स्पर्धांकडे त्यानंतर वळले. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी 3,000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. कोरडवाहू मुलखातील कुटुंब मुलास मैदानावर पाठविते, ते त्याच्या पोटापाण्याची तजवीज झाल्यावरच. लिलावातील बोली ही तजवीज करीत नाही.

यावरून मालकीची पद्धत सर्वस्वी त्याज्य ठरते असे नव्हे. तिने खेळाडूस त्याच्या कौशल्याचे बाजारमूल्य दाखविले व परदेशी खेळाडूंशी त्याची नित्य गाठ घालून दिली. परंतु मालकास संघ सोडून जाता येते. खेळाडूस आपले आयुष्य सोडून जाता येत नाही. नोकरीचा आश्रय आटत असताना त्याची जागा संघाच्या मालकीने भरून निघेल असे मानणे म्हणजे हंगामाच्या हिशेबाने आयुष्याचा हिशेब मांडणे होय.