समुद्रतळाचे साक्षीदार

वऱ्हाडात बसून समुद्राच्या तळाचा विचार कशासाठी करावयाचा, हा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. खारट पाणी आपल्याला ठाऊक आहे ते पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील विहिरींचे. समुद्र येथून शेकडो मैल दूर. परंतु जी संपत्ती चारचौघांच्या दृष्टीस पडत नाही, तिचा निर्णय कोणी करावयाचा आणि कोणाच्या साक्षीवरून करावयाचा, हा प्रश्न केवळ किनाऱ्यावरचा नाही. मेळघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणा सर्वांच्या तो परिचयाचा आहे. या प्रश्नाचे एक उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मिळाले. आपल्या मालवणला ते अजून मिळावयाचे आहे. म्हणून हा इतिहास पाहावयाचा.

पाणबुड्या म्हटला की आज पाठीवर नळकांडे बांधलेला हौशी प्रवासी डोळ्यांपुढे येतो. इतिहासातला पाणबुड्या मात्र आधी कामगार होता. वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबईला आणि तेथून विलायतेला जाऊ लागला, त्याच सुमारास विलायती सदऱ्यांच्या गुंड्यांसाठी ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरून शिंपले निघू लागले. त्या धंद्याचे मुख्य बंदर ब्रूम. तेथे मोत्यापेक्षा शिंपल्याचाच व्यापार मोठा. आरंभी तेथील आदिवासींना जबरदस्तीने पाण्यात उतरवले जाई. पुढे तांब्याचे शिरस्त्राण आणि हवेचा पंप आला, आणि पाणबुडे मुख्यतः जपानहून येऊ लागले.

खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की हवेतील नत्रवायू रक्तात विरघळतो. माणूस घाईने वर आला, की सोड्याची बाटली उघडावी तसे त्या वायूचे बुडबुडे अंगात फुटतात. सांधे आखडतात, अंग लुळे पडते, कित्येकदा जीवच जातो. दर टप्प्यावर थांबत हळूहळू वर यावे, याचे कोष्टक जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ साली प्रसिद्ध केले. तोपर्यंत अनेकांचे बळी गेले होते, आणि कोष्टक आल्यानंतरही जात राहिले. ब्रूमच्या जपानी दफनभूमीत नऊशेहून अधिक माणसे पुरलेली आहेत. कोणी या व्याधीने गेले, कोणी बुडून, कोणी चक्रीवादळात. समुद्रतळाचे ज्ञान जगाला मिळाले, त्याचा पहिला हप्ता या माणसांनी भरला आहे.

परंतु त्यांनी तळाशी काय पाहिले, हे त्यांना कोणी विचारले नाही. शिंपले किती आणले, एवढाच हिशेब होता. हे बदलले ते दोन शोधांमुळे. लुई बूताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ साली समुद्राखाली छायाचित्रे घेतली. आणि १९४३ साली कूस्तो व गान्याँ या दोघांनी पाठीवरच्या नळकांड्यातून श्वासापुरती हवा देणारे यंत्र सिद्ध केले. नळीचा आणि पंपाचा पाश सुटला. आता पाहणाऱ्याला खाली मोकळेपणाने हिंडता येऊ लागले, आणि पाहिलेल्याचा पुरावा वर आणता येऊ लागला. ऑस्ट्रेलियाच्या रॉन टेलरची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. पाण्याखाली भाल्याने मासे मारण्याच्या जागतिक स्पर्धेत तो १९६५ साली अजिंक्य ठरला. पुढे त्याने आणि त्याची पत्नी व्हॅलेरी हिने भाला टाकून कॅमेरा हाती धरला, आणि शार्क व प्रवाळ यांची त्यांनी घेतलेली चित्रे जगभर गेली.

या पुराव्याची कसोटी १९६७ साली लागली. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस सुमारे २,३०० किलोमीटर लांबीचा ग्रेट बॅरिअर रीफ आहे. रीफ म्हणजे प्रवाळांचे, आपल्या अंगठीतल्या पोवळ्याच्या भाईबंदांचे, रचत गेलेले खडक. त्यातील एलिसन रीफवरून उसाच्या शेतांसाठी चुना काढावा, असा अर्ज सरकारकडे गेला. अर्जदाराचे म्हणणे सरळ होते: हा खडक मेलेला आहे, मेलेल्याचा उपयोग केला तर बिघडले कुठे? शेताला खत हवे, हे वऱ्हाडच्या माणसाला वेगळे सांगावयास नको. जॉन ब्यूस्ट नावाच्या चित्रकाराने हरकत घेतली. पण तळाशी काय आहे ते न्यायासनापुढे सांगणार कोण? तेव्हा क्वीन्सलँडच्या लिटोरल सोसायटीचे पाणबुडे, बहुतेक विद्यार्थी, त्या ठिकाणी उतरले आणि त्यांनी सरळ मोजदाद केली. जिवंत प्रवाळांच्या ८८ जाती, माशांच्या १९० जाती! ‘मेलेला’ हा शब्द टिकला नाही आणि अर्ज फेटाळला गेला.

तथापि एका खडकाचा खटला जिंकला म्हणजे सारा समुद्र वाचला, असे होत नाही. लवकरच त्या किनाऱ्यावर तेलासाठी विहीर खणण्याची योजना पुढे आली. तेव्हा १९७० च्या आरंभी तेथील कामगार संघटनांनी जाहीर केले, की या कामाला आमचा एकही माणूस हात लावणार नाही. मागणी पगारवाढीची नव्हती, बोनसची नव्हती. उलट हा बहिष्कार म्हणजे आपल्याच सभासदांच्या हाताचे काम सोडणे होते. आम्हा कामगार चळवळीतील माणसांना अशा निर्णयाचे वजन कळते. सभासदांना तो पटवून देणे सोपे नसते. विहिरीचे काम थांबले, चौकशी आयोग नेमला गेला, आणि १९७५ साली त्या प्रवाळसृष्टीला सागरी उद्यानाचा कायदा मिळाला. आधी साक्ष, मग संघटना, आणि त्यानंतर कायदा, असा हा क्रम आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. मालवणजवळच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचे काम सुरू केले. त्या किल्ल्याभोवतीच्या पाण्यात जिवंत प्रवाळ आहेत, याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या डॉ. कासीम व डॉ. वाफर यांनी १९७९ साली प्रसिद्ध केली. आणि १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. येथे क्रम उलटा झाला: कायदा आधी आला. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण जाळे टाकण्यास बंदी होऊन पोट मारले जाईल अशी त्यांना धास्ती वाटली.

एवढ्यावरून या लोकांना समुद्राची चाड नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कोकणातील रापण म्हणजे किनाऱ्यावरून पुष्कळ माणसांनी मिळून ओढावयाचे मोठे जाळे. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. याच रापणकरांनी यांत्रिक ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली. पर्ससीनवर राज्य शासनाने निर्बंध घातले ते २०१६ साली. म्हणजे तळ उजाड होत चालला आहे, हे ओरडून सांगणारे हेच लोक होते. अभयारण्य आखताना त्यांना साक्षीदार मानले असते, तर कदाचित तेच त्याचे राखणदार झाले असते.

मेळघाटात १९७४ साली व्याघ्रप्रकल्प आला, तेव्हाही कोरकू गावांच्या वाट्याला प्रथम उठून जाण्याचा प्रश्न आला, विचारविनिमय नव्हे. वाघ वाचला पाहिजे याविषयी दुमत नाही. पण जंगल ज्याला पाठ आहे त्याला बाहेर ठेवून जंगल राखणे महाग पडते, आणि समुद्राचेही तसेच आहे.

आज मालवण-तारकर्लीला त्याच कोळीवाड्यांतले तरुण पर्यटकांना पाण्याखाली नेतात. हा धंदा नवा आहे आणि त्याचे धोके आहेतच. नांगर तळाला लागतात, नवख्यांचे पाय प्रवाळांवर पडतात. तरीही इतकी माणसे रोज तळाशी उतरत आहेत, ही मोठी संधी आहे. कारण यापुढचे संकट एखाद्या कंपनीचे नाही. पाणी तापले की प्रवाळ पांढरे पडतात. ग्रेट बॅरिअर रीफवर हे १९९८ पासून पुनःपुन्हा घडले, आणि २०१६ नंतर तर एकदोन वर्षांआड घडत आहे. तेथे बहिष्कार टाकावयाचा कोणावर? निदान काय जगले आणि काय मेले याची खरी मोजदाद तरी हवी, आणि ती मुंबईच्या कचेरीत बसून होणार नाही.

म्हणून मालवणच्या या तरुणांना रोजंदारीवरचे वाटाडे न समजता, त्यांच्या हाती नोंदवही आणि कॅमेरा द्यावा, सुरक्षिततेचे नियम आणि विमा द्यावा, आणि अभयारण्याविषयी निर्णय घेणाऱ्या समितीत रापणकरांच्या बरोबरीने जागा द्यावी. ब्रूमच्या पाणबुड्यांना कोणी काही विचारले नाही, आणि ते आपल्याबरोबर काय काय पाहिलेले घेऊन गेले हे आता कधीच कळणार नाही. मालवणच्या पाणबुड्यांना विचारावयास अजून उशीर झालेला नाही.